इलेक्ट्रिक गिटारला ट्रेमोलो कोणता?

"बार दाबला की गिटार बेसूर होते, मग आता फ्लॉइड रोझ बसवून घेऊ का?" हा प्रश्न ज्या ज्या वादकांनी मला आजवर विचारला, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या गिटारचा ट्रेमोलो, म्हणजे बार दाबून सूर हलवणारे ब्रिजकडचे यंत्र (फ्लॉइड रोझ हा त्याचाच एक प्रकार), ठीक होता आणि दोष दुसऱ्या टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे तारा ज्या पट्टीवरून जातात त्या नटच्या खाचांमध्ये होता. रागाच्या भरात ब्रिज (बॉडीवर तारा ज्यावर टेकतात तो भाग) बदलायचा, त्यासाठी चांगल्या लाकडाला भोके पाडायची आणि महिन्याभराने पुन्हा तेच रडगाणे गायचे, हा प्रकार टाळता येतो. त्यासाठी दोन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात: आपला उजवा हात त्या बारवर नेमके काय करणार आहे, आणि त्या यंत्राची निगा राखायला आपण किती वेळ देणार आहोत. कोणता ट्रेमोलो सर्वांत चांगला, या प्रश्नाला त्यानंतरच काही अर्थ येतो.

आधी नावाचा घोळ मिटवू. संगीताच्या परिभाषेत ट्रेमोलो म्हणजे आवाजाच्या तीव्रतेतला कंप आणि व्हायब्रॅटो म्हणजे स्वराच्या उंचीतला कंप. गिटारचा बार दाबल्यावर स्वराची उंची बदलते, तेव्हा खरे तर त्याला व्हायब्रॅटोच म्हणायला हवे. पण लिओ फेंडर यांनी 1954 साली स्ट्रॅटोकास्टर ही गिटार बाजारात आणताना या यंत्राला ट्रेमोलो म्हटले, 1956 साली मिळालेल्या पेटंटातही तेच नाव राहिले आणि ते जगभर रुजले. गंमत म्हणजे फेंडर कंपनीच्याच कित्येक ॲम्प्लिफायरांवर आवाज कमी-जास्त करणाऱ्या परिणामाला व्हायब्रॅटो असे नाव आहे. म्हणजे दोन्हीकडे नावे उलटी. दुकानात ट्रेमोलो हाच शब्द चालतो, म्हणून इथेही तोच वापरतो.

हा बार मुळात हवा कशाला, हे आपल्या कानांना मींडेच्या उदाहरणाने पटकन कळेल. सतारीवर पडद्यावरची तार ओढली की स्वर चढतो. उतरती मींड हवी असेल तर तार आधी ओढून ठेवून मग सैल सोडावी लागते. गिटारवरचे बेंडही तसेच, ओढले की चढणार. बारमुळे मात्र खुल्या तारेवरून थेट खाली उतरता येते आणि सहाही तारा एकदम हलत असल्याने संपूर्ण कॉर्ड डोलवता येते. तुमच्या वादनात या दोन गोष्टींची गरजच नसेल, तर बार नसलेला, बॉडीवर पक्का बसवलेला हार्डटेल ब्रिज घ्यावा आणि पुढचे वाचण्याचे कष्ट वाचवावेत. यात कमीपणा काही नाही. बार वर्षानुवर्षे गिटार बॅगेच्या खिशात पडून असलेले आणि तरीही उत्तम वाजवणारे वादक मी बरेच पाहिले आहेत.

यंत्र चालते कसे

स्ट्रॅट, म्हणजे स्ट्रॅटोकास्टर, पद्धतीच्या ट्रेमोलोत ब्रिजची पट्टी पुढच्या कडेवर दरवाजासारखी झुलते. तिच्या खाली बॉडीच्या आरपार गेलेला धातूचा ठोकळा असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. तारा ब्लॉकमधून वर येतात आणि ब्रिजला नटच्या दिशेने ओढतात. गिटारच्या पाठीमागच्या पोकळीतल्या स्प्रिंगा ब्लॉकला उलट दिशेने ओढतात. या स्प्रिंगांचे दुसरे टोक क्लॉ नावाच्या आकड्यांच्या पट्टीला अडकवलेले असते आणि ती पट्टी दोन लांब स्क्रूंनी लाकडाला धरलेली असते. साडेपंचवीस इंची स्केलच्या (नट ते ब्रिज तारेची लांबी) गिटारवर 9 ते 42 जाडीचा (इंचाच्या हजाराव्या भागांत) संच नेहमीच्या सुरात लावला, तर सहा तारांचा मिळून ताण सुमारे 38 किलो भरतो. 10 ते 46 चा संच लावला तर तो 46-47 किलोपर्यंत जातो. तारांचा संच बदलला की ट्रेमोलो वर का उचलला जातो, याचे उत्तर या आठ-नऊ किलोंच्या फरकात आहे. स्प्रिंगा तेवढ्याच राहिल्या आणि तारांची ओढ वाढली, एवढेच घडलेले असते.

इथून निवडीचा पहिला खरा फाटा फुटतो, आणि तो यंत्राच्या जातीपेक्षा त्याच्या बैठकीचा आहे. ब्रिज हवेत तरंगता ठेवला तर बार खालीही जातो आणि वरही खेचता येतो. त्याला फ्लोटिंग म्हणतात. ब्रिज बॉडीला टेकवून ठेवला तर बार फक्त खाली दाबता येतो. तरंगत्या ब्रिजचा मोबदला मोठा असतो. एका तारेचे बेंड केले की वाढलेल्या ताणामुळे ब्रिज किंचित पुढे झुकतो आणि बाकीच्या तारा उतरतात, त्यामुळे एक तार ओढून दुसरी तशीच वाजत ठेवायची असेल तर कानाला खटकते. जाड तार ड्रॉप डी साठी, म्हणजे ई वरून डी वर, उतरवली की उरलेल्या पाच चढतात. आणि वाजवताना तार तुटली, तर सहाव्या हिश्श्याएवढी ओढ एकदम नाहीशी होते आणि अख्खी गिटार चढून बसते.

हे शेवटचे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. गणेशोत्सवातल्या एका ऑर्केस्ट्रात, दुसऱ्याच गाण्याच्या मधल्या म्युझिकमध्ये माझी पातळ तार गेली. ट्रेमोलो तरंगता, दुसरी गिटार आणलेली नव्हती आणि समोर गायक अंतरा सुरू करायच्या तयारीत. उरलेले गाणे मी व्हॉल्यूम शून्यावर ठेवून, हात नुसते हलवत काढले. तेव्हापासून माझा नियम साधा आहे: एकच गिटार घेऊन मंचावर चढणाऱ्या वादकाने ब्रिज टेकवलेला ठेवावा. ऑर्केस्ट्रा, लग्नसमारंभ, चर्चमधले वादन, कॉलेजची स्पर्धा, सगळ्यांना हा नियम लागू पडतो. तरंगता ब्रिज सरावाच्या खोलीत, स्टुडिओत किंवा हाताशी दुसरी गिटार असेल तेव्हा शोभतो.

ब्रिज टेकवणे घरच्या घरी जमते. गिटार सुरात लावावी, पाठीमागचे झाकण काढावे, तारा थोड्या सैल करून क्लॉचे दोन्ही स्क्रू सारखेच आत न्यावेत आणि पुन्हा सुरात लावून पाहावे. ब्रिजची मागची कड बॉडीला टेकली की दोन्ही स्क्रू आणखी अर्धा-पाऊण फेरा द्यावा. मग तिसऱ्या तारेवर पूर्ण स्वराचे बेंड करून ब्रिज उचलला जातो का ते बघावे. जात असेल तर आणखी थोडे, किंवा तीनऐवजी चार स्प्रिंगा. तरंगताच हवा असेल तर फेंडरच्या स्वतःच्या मापांवरून सुरुवात करता येते: ब्रिज सहा स्क्रूंवर झुलतो त्या जुन्या पद्धतीला मागच्या कडेखाली सुमारे 3.2 मिलिमीटर, दोन खिळ्यांवर झुलतो त्या अमेरिकी पद्धतीला सुमारे 2.4 मिलिमीटर फट. स्क्रू थोडा फिरवायचा, सगळ्या तारा पुन्हा लावायच्या, फट मोजायची, असे चार-पाच वेळा करावे लागते. घाई केली तर दुपार जाते. सावकाश केले तर अर्ध्या तासात होते.

आधी घर्षण शोधावे

ट्रेमोलो हलला की तार नट, सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) आणि हेडस्टॉकवरची (खुंट्या बसवलेल्या टोकावरची) तार दाबून धरणारी ट्री या तिन्ही ठिकाणांवरून पुढे-मागे सरकते. ती जिथे अडकेल तिथे सूर बिघडतो. ट्रेमोलो चांगला की वाईट, हे ठरवण्याआधी पुढील चाचणी प्रत्येकाने करावी, कारण तिला काहीही खर्च नाही.

गिटार ट्यूनरवर नीट लावावी. बार खाली दाबून तारा सैल होऊ द्याव्यात आणि बार हळूच सोडावा. एखादी तार चढलेली परत आली, तर ती नटच्या खाचेत किंवा ट्रीखाली अडकते आहे: बार दाबताना ती खुंटीकडे सरकली आणि सोडल्यावर पुरती परत आली नाही. आता त्याच तारेवर मोठे बेंड करावे. ती जागेवर आली किंवा उलट उतरली, तर शंका उरत नाही, दोष नटकडचाच. एखादी तार दर वेळी थोडी थोडी उतरतच जात असेल, तर खुंटीवरचे वेढे सैल आहेत किंवा नवी तार अजून नीट ताणली गेलेली नाही. मात्र सहाही तारा एकाच दिशेने, जवळपास सारख्याच बिघडत असतील, तर ब्रिज ज्या धारेवर झुलतो ती धार, तिथले खिळे किंवा स्प्रिंगा तपासायला हव्यात. ट्रेमोलो बदलण्याचा विचार खऱ्या अर्थाने या शेवटच्या प्रकारात सुरू होतो.

नटमधल्या घर्षणावरचा पहिला इलाज पेन्सिलीचा आहे. मऊ शिशाची, 2बी किंवा त्याहून मऊ पेन्सिल टोक करून प्रत्येक खाचेत चार-सहा वेळा फिरवावी, म्हणजे ग्रॅफाइटची भुकटी खाचेत बसते. ट्रीच्या खालच्या बाजूलाही हेच करावे. यानेही अडकत असेल तर खाच तारेपेक्षा अरुंद आहे असे समजावे आणि जाणकार कारागिराकडून ती पुरती रुंद करून घ्यावी. फाइल नसताना घरी करवतीच्या पात्याने हा प्रयोग करू नये, कारण खाच खोल गेली की नटच बदलावा लागतो. तार बदलताना पातळ तारांना खुंटीवर दोन-तीनच वेढे द्यावेत. लॉकिंग, म्हणजे तार आवळून धरणाऱ्या, खुंट्या लावल्या तर वेढ्यांचा प्रश्नच मिटतो, आणि माझ्या मते साध्या स्ट्रॅट पद्धतीच्या गिटारवर खर्च करायचाच असेल तर तो आधी चांगल्या नटवर, मग लॉकिंग खुंट्यांवर आणि सर्वांत शेवटी ब्रिजवर करावा. पुष्कळ जण नेमका उलटा क्रम धरतात.

प्रकार आणि त्यांचे स्वभाव

सहा स्क्रूंचा जुना स्ट्रॅट ट्रेमोलो मी अजूनही पहिला पर्याय मानतो. सुटे भाग सहज मिळतात, रचना उघडी आहे आणि हलका कंप, कॉर्डचे डोलणे, मधूनच खाली घेतलेला गोता हे सगळे तो बिनतक्रार करतो. त्याचा एकच खोडकर भाग म्हणजे ते सहा स्क्रू. सगळे सारखे घट्ट आवळले तर ब्रिज प्रत्येक स्क्रूच्या माथ्याशी घासत हलतो. म्हणून दोन टोकांचे स्क्रू ब्रिजला हलकेच स्पर्श करतील इतपत ठेवावेत आणि मधले चार थोडे वर उचलावेत. भार दोन टोकांवर येतो आणि हालचाल स्वच्छ होते. हे स्क्रू ताण असताना फिरवू नयेत, तारा सैल करूनच फिरवावेत.

दोन खिळ्यांचा ट्रेमोलो फेंडरने 1986-87 च्या सुमारास अमेरिकन स्टँडर्ड गिटारवर आणला. सहा स्क्रूंऐवजी दोन खिळ्यांवर ब्रिजच्या धारा टेकतात, त्यामुळे घर्षण कमी आणि हालचाल जास्त मऊ. विल्किन्सन, गोटो यांसारख्या नावांचे या जातीचे ब्रिज मधल्या किमतीच्या गिटारांवर पुष्कळ दिसतात. ज्याला रोज वाजवायचे आहे, बारचा बऱ्यापैकी वापर आहे, पण लॉक उघडत बसायची हौस नाही, त्याच्यासाठी मला हीच जात सर्वांत योग्य वाटते. खिळे मात्र लाकडात डगमगता कामा नयेत. बोटाने हलवून पाहावेत. हलले तर बाकी सगळे व्यर्थ आहे.

बिग्स्बीचा मामला निराळा आहे. पॉल बिग्स्बी या कॅलिफोर्नियातल्या कारागिराने मर्ल ट्रॅव्हिस या वादकासाठी तो घडवला, आणि त्याचे मूळ रूप आजही जवळजवळ तसेच आहे: तारा एका फिरत्या दांडीवरच्या खुंट्यांना अडकतात आणि बारखाली एक जाडशी स्प्रिंग असते. त्यातून स्वर एक-दोन सेमीटोन (अर्धस्वर) हलतो, त्यापेक्षा फार नाही. गोते मारायचे असतील तर हा ट्रेमोलो घेऊच नये. पण हॉलोबॉडी, म्हणजे आतून पोकळ, गिटारवर, जुन्या धाटणीच्या गाण्यांत लांब कॉर्डवर जो सावकाश हेलकावा हवा असतो, तो याच्याइतका गोड दुसऱ्या कोणाला जमत नाही. तार अडकवताना तिच्या टोकाचा गोळा खुंटीवरून निसटतो आणि माणूस चिडतो. तारेचे टोक आधीच वाकवून घेतले तर हे काम सोपे होते. लेस पॉलसारख्या गिटारला हा बसवताना भोके न पाडता बसवण्याच्या पट्ट्या मिळतात, त्यांचा आधी विचार करावा, आणि पुढचा ब्रिज चाकांचा घ्यावा किंवा सॅडलच्या खाचा नीट गुळगुळीत करून घ्याव्यात.

फेंडरची जॅझमास्टर गिटार 1958 सालची आणि जॅग्वार 1962 ची. दोघींचा ट्रेमोलो एकच. बार, स्प्रिंग आणि तारांची टोके एका वेगळ्या पट्टीवर, ब्रिज त्यापासून बराच पुढे. हालचाल फार सुंदर, पण तारेचा ब्रिजवरचा कोन उथळ असल्याने पातळ तारा सॅडलवरून घसरतात आणि भणभणतात. यावर 11 चा संच लावावा, म्हणजे निम्म्या तक्रारी संपतात.

आता फ्लॉइड रोझ. मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात 1986 पासून भरू लागलेल्या इंडिपेंडन्स रॉक या रॉक महोत्सवाच्या काळात गिटारकडे वळलेल्या अनेकांना हाच काय तो खरा ट्रेमोलो वाटे, आणि त्यामागे कारणही होते. फ्लॉइड रोझ यांनी 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात घर्षणाचा प्रश्न मुळापासून सोडवला: तार नटपाशीही आवळून टाकायची आणि सॅडलपाशीही. दोन्ही टोके बंद झाल्यावर ती सरकणार कुठे? बार पार खाली दाबून तारा लोंबू दिल्या तरी गिटार सुरात परत येते. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलन यांनी तो वापरल्यावर हार्ड रॉकमध्ये त्याचा बोलबाला झाला. नट बंद झाल्यावर सूर लावायची सोय उरत नाही, म्हणून नंतर ब्रिजवरच बारीक सूर लावणारे स्क्रू आले.

मात्र हा ट्रेमोलो घेणे म्हणजे एक दिनक्रम स्वीकारणे आहे. तार बदलायची तर नटची कुलपे अ‍ॅलन की या षटकोनी चावीने उघडा, तारेचा गोळा कापा, सॅडलच्या चिमट्यात तार धरा, सूर लावा, सगळे पुन्हा जागेवर यायची वाट पाहा, मग कुलपे बंद करा. एका वेळी एकच तार बदलावी, किंवा ब्लॉकमागे लाकडाचा योग्य मापाचा तुकडा अडकवून ब्रिज स्थिर करून मगच सगळ्या काढाव्यात. अ‍ॅलन की नेहमी गिटारच्या बॅगेत असावी, तीही दोन. कुलपे जोर लावून आवळू नयेत, कारण सॅडलमधले छोटे ठोकळे झिजतात आणि आटे खराब होतात.

फ्लॉइड घेताना धातू पाहावा, नाव नंतर. ब्रिज ज्या धारांवर झुलतो त्या कठीण पोलादाच्या हव्यात. परवाना घेऊन इतरांनी बनवलेल्या स्वस्त नकलांमध्ये मऊ मिश्रधातू वापरलेला असतो, धार काही महिन्यांत गोल होते आणि मग ती गिटार कधीही जागेवर परत येत नाही. तिला काही औषध नसते. जर्मन बनावटीचा ओरिजिनल उत्तम, पण आपल्याकडे तो एकटाच शिकाऊ गिटारच्या किमतीच्या वर जातो. कोरियात बनणारी 1000 मालिका व्यवहाराला धरून आहे. स्पेशल या स्वस्त मालिकेत सॅडल आणि ब्लॉक जस्ताच्या मिश्रधातूचे असतात. सुरुवातीला चालतो, रोज रगडला तर सॅडल आधी दमतात. आयबानेझ कंपनीच्या एज मालिकेतले ट्रेमोलो याच विचारातून निघालेले आहेत आणि तेही भरवशाचे आहेत, पण त्यांचे भाग त्याच गिटारांसाठी बनतात, म्हणून दुसऱ्या गिटारवर बसवायचा विचार करू नये.

साध्या गिटारवर फ्लॉइड बसवून घेण्याच्या मी सहसा विरुद्ध असतो. त्यासाठी बॉडीत पोकळी कोरावी लागते, नटच्या जागचे लाकूड कापावे लागते, आणि या कामात झालेली चूक भरून निघत नाही. फ्लॉइड हवाच असेल तर कारखान्यातून फ्लॉइडसह आलेली गिटार घ्यावी.

मापे घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत

ब्रिज बदलायचा ठरलाच, तर फोटो पाहून मागवू नये. स्टीलची पट्टी घेऊन चार मापे घ्यावीत. सहा स्क्रूंच्या ब्रिजमध्ये पहिल्या आणि सहाव्या स्क्रूच्या मध्यांमधले अंतर मोजावे: जुन्या अमेरिकी मापात ते सुमारे 56.4 मिलिमीटर असते, तर आशियाई बनावटीच्या बहुतेक स्वस्त गिटारांत 52.5 मिलिमीटर. दिसायला दोन्ही सारखेच. बसायला अजिबात नाही. दोन खिळ्यांच्या जातीत खिळ्यांमधले अंतर अमेरिकी स्टँडर्डला सुमारे 56 मिलिमीटर, फ्लॉइडला सुमारे 74. तिसरे माप ब्लॉकच्या उंचीचे. काही स्वस्त गिटारांची बॉडी नेहमीपेक्षा पातळ असते आणि पूर्ण उंचीचा ब्लॉक मागून बाहेर डोकावतो, मग झाकण बसत नाही. चौथे माप फ्लॉइडवाल्यांसाठी: लॉकिंग नटची रुंदी. आर 2 म्हणजे सुमारे 41.3 मिलिमीटर आणि आर 3 म्हणजे सुमारे 42.9. अंदाजाने मागवला तर टोकाची तार फ्रेटबोर्डच्या कडेवर येते.

बारचे आटे हा आणखी एक छोटा सापळा. अमेरिकी फेंडरचे आटे बहुधा 10-32 मापाचे असतात, आशियाई गिटारांचे बहुधा एम 5 किंवा एम 6. चुकीचा बार दोन फेरे आत जातो, तिथे अडतो आणि वादक जोर लावतो. त्या जोराने ब्लॉकचे आटे जातात. बार हाताने सहज फिरला नाही तर तो त्या गिटारचा नाही, इतके समजून थांबावे.

जड पोलादी ब्लॉकने आवाज भरदार होतो असे म्हणतात. थोडा फरक मलाही ऐकू येतो, पण नीट कापलेल्या नटने आणि नव्या तारांनी येणारा फरक त्याहून मोठा असतो.

समुद्राकाठच्या गावाची गोष्ट

परदेशी मार्गदर्शिकांत न सापडणारी एक बाब मुंबईकराने ध्यानात घ्यावी. जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता इथे वारंवार 80 टक्क्यांच्या वर जाते आणि समुद्राकडून येणारे वारे खारट असतात. ओलाव्याने लाकडी नेकची कमान बदलते, त्यासोबत तारांचा ताण बदलतो आणि तरंगता ब्रिज लगेच त्याचा हिशेब दाखवतो: मागची कड वर किंवा खाली. हार्डटेल गिटारला हा फरक किरकोळ सुरात लावण्याने भागतो. तरंगत्या ब्रिजला पुन्हा समतोल साधावा लागतो. वातानुकूलित सरावखोलीतून दमट रस्त्यावर आणि तिथून मांडवात, असा प्रवास एका संध्याकाळी झाला तर मंचावर चढण्याआधी गिटारला अर्धा तास तरी उघडी ठेवून मगच सूर लावावेत.

दुसरा शत्रू गंज. स्प्रिंगा, सॅडलचे उंची बदलणारे बारीक स्क्रू आणि झुलण्याच्या धारा या तीन जागी तो आधी दिसतो. वाजवून झाल्यावर ब्रिज कोरड्या फडक्याने पुसावा, हाताच्या घामाचे मीठ धातूवर राहू देऊ नये. धारा जिथे खिळ्यांवर टेकतात तिथे महिन्यातून एकदा सुईच्या टोकाएवढे शिवणयंत्राचे तेल पुरते. थेंब जास्त झाला तर धूळ चिकटते आणि आपण घालवलेले घर्षण परत आणतो. सॅडलचे स्क्रू पावसाळ्यापूर्वी एकदा फिरवून, पुसून पुन्हा जागेवर आणावेत, नाहीतर सप्टेंबरपर्यंत ते रुतून बसतात. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. काळ्या रंगाचे स्वस्त भाग मी टाळतो. काळे कवच उडाले की खालचा धातू इथल्या हवेत वर्षभरही तग धरत नाही.

आणि स्प्रिंगांचा आवाज. रात्री चाळीत किंवा छोट्या फ्लॅटमध्ये ॲम्प्लिफायर न लावता सराव करणाऱ्याला पाठीमागून एक झंकार ऐकू येतो. तो स्प्रिंगांचा असतो. स्प्रिंगांच्या मधून स्पंजाची पातळ पट्टी घातली की तो थांबतो.

दुकानात आणि जुन्या गिटारीपाशी

धोबी तलावच्या जेर महालातल्या फुर्टाडोजपासून उपनगरांतल्या दुकानांपर्यंत, गिटार हातात घेऊन पाहू देतात, त्याचा पुरेपूर उपयोग करावा. आधी ट्यूनर मागावा. मग वर सांगितलेली चाचणी, म्हणजे गोता, सोडणे, बेंड, पुन्हा ट्यूनर, तीन वेळा करावी. विक्रेता आधी कपाळाला आठ्या घालेल, घालू द्याव्यात. नव्या गिटारच्या तारा ताणलेल्या नसतात, म्हणून पहिल्या फेरीवर निकाल देऊ नये, तिसरी फेरी पाहावी.

जुनी गिटार घेताना आणखी थोडी शोधाशोध करावी. पाठीमागचे झाकण उघडायला लावावे. क्लॉचे स्क्रू लाकडातून पार बाहेर आलेले आहेत का, स्प्रिंगांवर तांबूस डाग आहेत का, ब्लॉकवर चुकीच्या बारने ओरबाडलेले आटे आहेत का, हे बॅटरीच्या उजेडात दिसते. मोबाइलची बॅटरी पुढे धरून ब्रिजच्या दोन्ही धारांकडे बाजूने पाहावे; धार सरळ रेषेत न दिसता गोलसर किंवा दातेरी दिसली, तर किंमत कितीही उतरवून दिली तरी ती गिटार ट्रेमोलोसाठी घेऊ नये. टेकवून, हार्डटेल म्हणून वापरायची असेल तर गोष्ट वेगळी. तशा गिटारी कधीकधी फार स्वस्तात सुटतात आणि वर्षानुवर्षे साथ देतात. मालक बार सोबत देतो आहे का, तेही विचारावे, कारण हरवलेल्या बारची जोडी लावण्यात नंतर दोन-चार खेपा जातात.

गिटार घेऊन घरी निघताना बार काढून बॅगेच्या आतल्या खिशात ठेवावा. संध्याकाळी सहाच्या विरार लोकलमध्ये बार लावलेली गिटार पाठीवर घेऊन शिरले, तर बार बॅगेच्या कापडातून आधी ब्लॉकवर ताण देतो आणि मग शेजाऱ्याच्या बरगडीवर.